समोर म्हणजे नेमकं कुठे?

मोटारीची पुढची काच बदलणं हे पूर्वी काचवाल्याचं साधं काम होतं. हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडायचा, काचेला तडा जायचा, काचवाला जुनी काच उतरवून नवी चिकटवायचा आणि संध्याकाळपर्यंत गाडी दारात उभी राहायची. वारा-पाऊस अडवायचा आणि पलीकडचं दिसू द्यायचं, एवढंच त्या काचेचं काम. ती दोन मिलिमीटर डावीकडे बसली काय नि उजवीकडे बसली काय, कुणाचं काही अडत नव्हतं.

आता अडतं. २०२१ साली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली, २०२३ साली टाटांच्या हॅरियर आणि सफारी नव्या रूपात आल्या, आणि पुण्याच्या परिसरात तयार होणाऱ्या या गाड्यांबरोबर एक नवी गोष्ट आपल्या रस्त्यांवर उतरली. गाडी स्वतः रस्ता बघू लागली. आतल्या आरशाच्या मागे, काचेला लागून, एक छोटा कॅमेरा असतो. पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमागे रडार असतं. पुढची गाडी अचानक थांबली आणि आपलं लक्ष नसलं, तर ही यंत्रणा आधी ओरडते आणि मग स्वतः ब्रेक लावते. लेन सुटू लागली तर स्टिअरिंगला हलकेच परत वळवते. जाहिरातीत याला ‘एडास’ म्हणतात. जबाबदारी अजूनही चालकाचीच असते, पण मदतनीस मोठा असतो. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या अभ्यासानुसार, आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांकडून पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे प्रकार निम्म्याने कमी होतात.

या मदतनिसाबद्दलची एक गोष्ट मला कमालीची वाटते. कॅमेऱ्याला समोरचं दिसतं, पण आपण स्वतः कुठे बसलो आहोत आणि कुठे तोंड करून बसलो आहोत, हे त्याला बघून कळत नाही. ते कुणीतरी त्याला सांगावं लागतं. कारखान्यात ते एकदा सांगितलेलं असतं. काच बदलली, बंपर उतरवला, स्प्रिंग बदलल्या, की ते पुन्हा सांगावं लागतं. या सांगण्याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि ते कसं करतात हे समजून घेताना भूमिती, चित्रकला आणि चंद्र, सगळे वाटेत भेटतात.

आधी भूमिती. ज्या खाचेत कॅमेरा बसतो, ती बहुतेक गाड्यांमध्ये काचेलाच चिकटवलेली असते. काच नवी म्हणजे खाच नवी, चिकटवण्याचा थर नवा. समजा ५७ मिलिमीटर लांबीची एक पट्टी आहे. तिचं एक टोक जागेवर ठेवून दुसरं फक्त १ मिलिमीटर सरकवलं, तर पट्टी १ अंशाने फिरते. १ अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा १० सेकंदांत जेवढा सरकतो तेवढा. डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. पण हाच १ अंश १०० मीटर पुढे नेला, की १.७५ मीटर होतो. आपल्या महामार्गावरची एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे नख रुतेल एवढ्या फरकाने शेजारच्या लेनमधून शांतपणे चाललेला ट्रक कॅमेऱ्याच्या हिशोबात अर्धी लेन सरकतो आणि आपल्या वाटेत घुसू लागतो. उलट आपल्याच लेनमधली थांबलेली गाडी अर्धी बाहेर जाते. ताशी १०० किलोमीटर वेगाने हे १०० मीटर संपायला ३.६ सेकंद लागतात.

इथे एक बारकावा आहे, आणि सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. कॅमेरा न फिरता नुसताच २ मिलिमीटर बाजूला सरकला, तर १०० मीटरवरही चूक २ मिलिमीटरच राहते. ती कुणाच्या खिजगणतीत नाही. कोनाची चूक मात्र प्रत्येक पावलागणिक वाढत जाते. म्हणून कॅलिब्रेशन करणारा माणूस कोनामागे लागलेला असतो, आणि अंशाच्या दहाव्या भागासाठी भांडतो.

डावं-उजवं एक वेळ समजतं. वर-खाली झालेला कॅमेरा जे करतो ते मात्र मला पहिल्यांदा कागदावर मांडल्याशिवाय पटलं नव्हतं. एकाच कॅमेऱ्याने अंतर कसं ओळखायचं, हा जुना प्रश्न. माणसाला दोन डोळे आहेत, मग गाडीलाही दोन हवेत, असं पुष्कळांना वाटायचं. सुबारूने तसे दोन कॅमेरे लावलेही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राध्यापक आम्नोन शाशुआ यांनी झिव अविराम यांच्याबरोबर १९९९ मध्ये मोबिलाय ही कंपनी काढली, ती एका कॅमेऱ्यावर काम भागतं या विश्वासाने. त्यामागची एक मूळ युक्ती फार देखणी आहे. रस्ता सपाट आहे असं धरा. जवळच्या गाडीची चाकं चित्रात खाली दिसतात, लांबच्या गाडीची चाकं क्षितिजाकडे वर सरकलेली दिसतात. कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे हे ठाऊक असलं, तर चाक क्षितिजाच्या किती खाली दिसतं त्यावरून अंतर निघतं. शाळेतल्या त्रिकोणमितीत टेकडीवरून होडीचं अंतर काढायचं गणित असायचं, तेच हे. अवनत कोन!

आता आकडे घालू. कॅमेरा १.३ मीटर उंचीवर आहे. ५० मीटरवरची गाडी जिथे रस्त्याला टेकते ती जागा क्षितिजाच्या दीड अंश खाली दिसते. फक्त दीड अंश. समजा काच बदलताना कॅमेरा अर्ध्या अंशाने खाली झुकला आणि त्याला कुणी ते सांगितलं नाही. क्षितिज चित्रात वर सरकलं, चाकही वर सरकलं. कॅमेरा मात्र क्षितिज जुन्याच ओळीवर आहे असं धरून बसला आहे. त्याला वाटतं चाक क्षितिजाच्या एकच अंश खाली आहे. मग त्याचं गणित म्हणतं, गाडी ५० मीटरवर नाही, ७५ मीटरवर आहे. अर्ध्या अंशात २५ मीटर हरवले! कॅमेरा उलट दिशेने चुकला तर तीच गाडी ३७ मीटरवर दिसेल, आणि आपली गाडी विनाकारण दचकून ब्रेक दाबेल. प्रत्यक्षात या यंत्रणा एकाच युक्तीवर विसंबत नाहीत. समोरच्या गाडीची रुंदी, तिचा आकार किती वेगाने मोठा होतो आहे, असे इतर पुरावेही त्या पाहतात, आणि रडार असेल तर त्यालाही विचारतात. तरी पाया हाच आहे.

आणि कॅमेरा बघतो तो काचेतून. ही काच साधी नसते. १९०३ साली एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक चंबू खाली पडला आणि तडकूनही विखुरला नाही. आत वाळून राहिलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पातळ पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. तिथून दोन काचांमध्ये चिवट थर असलेली काच जन्माला आली, आणि आज प्रत्येक मोटारीची पुढची काच तशीच असते. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना अगदी समांतर असले तर तिरप्या काचेतून जाणारा किरण दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकतो आणि आपल्या मूळ दिशेने पुढे जातो. ते चालतं, कारण वर म्हटलं तसं सरकणं निरुपद्रवी आहे. पण पृष्ठभाग किंचित जरी असमांतर असले, काच एका जागी किंचित पाचरीसारखी असली, की किरणाची दिशाच बदलते. म्हणून कॅमेऱ्यासमोरच्या त्या तळहाताएवढ्या भागातल्या काचेचा दर्जा महत्त्वाचा, आणि म्हणून ‘काच तीच, मॉडेल तेच’ एवढ्यावर भागत नाही. नव्या काचेतून जग कसं दिसतं, हे कॅमेऱ्याला नव्याने शिकवावंच लागतं.

आता रडारकडे वळू. याच्याशी आपलं नातं फार जुनं आहे. मोटारीचं पुढचं रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे सेकंदाला ७७ अब्ज कंपनं. अशा लहरीची लांबी चार मिलिमीटरहून थोडी कमी भरते. इतक्या आखूड लहरी पहिल्यांदा कुणी हाताळल्या? कोलकात्यात, १८९५ च्या सुमारास, जगदीशचंद्र बोस यांनी. प्रेसिडेन्सी कॉलेजात स्वतः बनवलेल्या उपकरणांनी त्यांनी ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या, त्या भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली, आणि १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यावर व्याख्यान दिलं. त्यानंतर जग लांब लहरींच्या मागे लागलं, कारण संदेश दूर पाठवायला त्या सोयीच्या होत्या. बोसांच्या मिलिमीटर लहरी अनेक दशकं बाजूला राहिल्या. आज त्याच घराण्यातल्या लहरी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बंपरमागून निघतात आणि पुढच्या टेम्पोवर आपटून परत येतात.

१०० मीटरवरचा प्रतिध्वनी परत यायला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही दोन तृतीयांश वेळ लागतो. पुढची गाडी आपल्याकडे ताशी ३६ किलोमीटरने जवळ येत असेल, तर परतलेल्या लहरीची कंपनं सेकंदाला सुमारे ५,००० ने वाढलेली असतात. अब्जावधींमधला हा ५,००० चा फरक रडार वेगळा काढतं आणि वेग सांगतं. हा फरक स्पीकरला जोडला तर आपल्या कानाला शिट्टीसारखा ऐकू येईल, तो नेमका आपल्या श्रवणाच्या टप्प्यात बसतो. अंतर आणि वेग, दोन्हींत रडार पक्कं आहे. त्याचा नाजूकपणा आहे तो दिशेत. प्रतिध्वनी कुठून आला हे ओळखायला रडारमध्ये शेजारी शेजारी छोटे अँटेना असतात, दोघांमध्ये सुमारे २ मिलिमीटर. लहर समोरून आली तर दोघांना एकाच क्षणी भेटते. १ अंश तिरकी आली तर एकाला पोचण्यासाठी तिला ०.०३४ मिलिमीटर जास्त चालावं लागतं. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी! त्या फरकावरून रडार म्हणतं, ट्रक थोडा उजवीकडे आहे. असं यंत्र ज्या पट्टीवर स्क्रूने बसवलं आहे ती पट्टी पार्किंगमधल्या हलक्या धक्क्याने वाकली, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. बंपर प्लास्टिकचा असतो, आत दबतो आणि परत फुगून पूर्ववत होतो. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही. आतली पट्टी मात्र वाकलेलीच राहते.

बंपरची आणखी एक भानगड आहे, आणि डेंटिंग-पेंटिंगच्या कामाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने ती समजून घ्यायला हवी. आपल्याला बंपर अपारदर्शक वाटतो, रडारला तो पारदर्शक असतो. पण पूर्ण नाही. बंपरच्या पुढच्या पृष्ठभागावरून थोडी लहर परतते, मागच्या पृष्ठभागावरूनही थोडी परतते. जाडी नेमकी निवडली तर या दोन परतलेल्या लहरी एकमेकींना जवळजवळ मिटवून टाकतात आणि बाकीची शक्ती पार निघून जाते. हे गणित मिलिमीटरच्या अंशांचं आहे. अशा बंपरला तडा गेला, मिस्त्रीने प्रामाणिकपणे त्यात लांबी भरली, घासून गुळगुळीत केली, वर मेटॅलिक रंगाचे जादा थर दिले, तर काम डोळ्याला झकास दिसतं आणि रडारला धूसर. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात हेही विसरून चालणार नाही. म्हणून अनेक कंपन्या रडारसमोरच्या भागात लांबी भरायला मनाई करतात आणि रंगाच्या थरांना मर्यादा घालून देतात. बंपरवर चढवलेला लोखंडी गार्ड तर तसाही बेकायदा आहे. रडारसमोर तो आला, तर बोलायलाच नको.

एवढं सगळं झालं तरी मूळ प्रश्न उरतोच. कॅमेऱ्याला आणि रडारला ‘समोर’ दाखवायचं, पण गाडीचं समोर म्हणजे कुठे? मला वाटायचं, गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंतची मधली रेषा. उत्तर वेगळं आहे आणि ते फार सुंदर आहे. सरळ जाताना गाडी कुठे जाणार हे मागची चाकं ठरवतात. पुढची चाकं आपण स्टिअरिंगने हवी तशी वळवू शकतो, मागची चाकं जिकडे तोंड करून आहेत तिकडेच लोळतात. मागचा आस किंचित तिरका असेल तर गाडी सरळ जाते, पण अंग तिरकं ठेवून. हायवेवर मागून पाहिलं तर असा तिरका चालणारा ट्रक कधी ना कधी प्रत्येकाने पाहिलेला असतो. त्या ट्रकचं नाक एकीकडे आहे आणि तो जातो दुसरीकडे. कॅमेऱ्याला नाकाची दिशा शिकवली तर त्याचा अंदाज सतत चुकत राहील. त्याला शिकवायची असते ती मागच्या चाकांनी ठरवलेली, गाडीच्या खऱ्या चालीची रेषा. म्हणून जाणकार वर्कशॉपमध्ये कॅलिब्रेशनच्या आधी चारही चाकांचं अलाइनमेंट तपासतात. आधी चाल सरळ, मग नजर.

कॅलिब्रेशनची जागा बघण्यासारखी असते. मोठा मोकळा हॉल, फरशी एका पातळीत, प्रकाश सगळीकडे सारखा, समोर चमकणारं काही नाही. टायरमधली हवा मोजून घेतलेली. डिकीतलं सामान काढलेलं. टाकीतलं इंधन गाडीच्या कंपनीने सांगितलं असेल तेवढंच. हे चोचले नाहीत. मागच्या बाजूला वजन वाढून गाडी फक्त ५ मिलिमीटर खाली बसली, तर पावणेतीन मीटर अंतरावरच्या चाकांमध्ये एक दशांश अंशाचा उतार तयार होतो, आणि मघाच्या गणितात ५० मीटरला तीन-चार मीटरचा फरक पडतो.

मग सुरू होतं मोजमाप. आणि इथे ज्या हत्यारांनी वाडे आणि देवळं उभी राहिली त्यांतलं एक बाहेर निघतं. ओळंबा! दोऱ्याला टांगलेलं वजन. पुढच्या बोधचिन्हाच्या मध्यावरून एक ओळंबा सोडतात, मागच्या मध्यावरून दुसरा. फरशीवर दोन खुणा पडतात, त्या जोडल्या की गाडीची मध्यरेषा जमिनीवर उतरते. काही ठिकाणी हे काम आता लेझर करतो आणि चाकांना लावलेल्या पट्ट्यांवरून मागच्या चाकांची रेषाही काढतो. त्या रेषेला काटकोनात, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर, मिलिमीटर मोजून एक चौकट उभी करतात. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा किंवा ठरावीक आकृत्यांचा फलक असतो. चौकटीच का? काळं आणि पांढरं जिथे कोपऱ्यात भेटतं तो बिंदू संगणकाला अतिशय नेमका सापडतो, चित्रातल्या एका ठिपक्यापेक्षाही बारीक. असे अनेक कोपरे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे आधीच माहीत असतं, ते चित्रात कुठे पडले हे दिसतं, आणि या दोन्हींच्या जुळणीतून कॅमेरा कुठे बसला आहे, किती झुकला आहे, किती वळला आहे, हे उलट्या बाजूने काढता येतं. सपाट फलकावरच्या चौकटींनी कॅमेरा जोखण्याची एक सोपी पद्धत झेंगयू झांग यांनी २००० साली मांडली आणि जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये ती रुळली. स्कॅनर गाडीला जोडतात, बटण दाबतात, आणि काही क्षण शांततेत कॅमेरा फलकाकडे बघत राहतो.

रडारला चौकटी दिसत नाहीत. त्याच्यासमोर ठेवतात ते धातूचे तीन पत्रे, एकमेकांना काटकोनात जोडलेले, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन भेटते तसे. या कोपऱ्याची करामत अशी की त्यात कुठूनही आलेली लहर तीनदा आपटते आणि जिथून आली नेमकी तिकडेच परत जाते. कोपरा थोडा वाकडा ठेवला तरीही. अशाच काटकोनी आरशांच्या पेट्या अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवल्या, आणि पृथ्वीवरून सोडलेला लेझर आजही त्यांवरून परत येतो. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही नासाने दिलेला असा इवलासा परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाने १०० किलोमीटरवरून त्यावर लेझर टाकला आणि परत आलेला किरण टिपला. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ झालेलं ते मोजमाप आणि गॅरेजमध्ये रडारला ‘हा बघ शून्य अंश’ असं दाखवणं, दोन्हीमागे एकच भूमिती आहे.

काही गाड्यांना फलक पुरत नाही, काहींना लागतच नाही. त्यांना रस्त्यावर न्यावं लागतं. स्कॅनर जोडलेला, एक माणूस गाडी चालवतोय, दुसरा पडद्याकडे बघतोय, वेग कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत, रस्ता कोरडा आणि सरळ, दोन्ही बाजूंचे पांढरे पट्टे स्पष्ट. अशी काही मिनिटं गेली की कॅमेरा आपोआप शिकतो. कसा? समांतर रेषा दूर जाताना एका बिंदूत मिळताना दिसतात, हे आपण रेल्वेरुळांवर पाहिलेलं असतं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने या बिंदूचं गमक चित्रात पकडून दाखवलं, आणि १४३५ मध्ये अल्बर्टीने त्याचे नियम लिहून काढले. त्या बिंदूमुळे सपाट भिंतीवरच्या चित्राला खोली आली. मोटारीचा कॅमेरा तोच बिंदू शोधतो. डावा पट्टा आणि उजवा पट्टा वाढवत नेले की ते चित्रात जिथे भेटतात ते क्षितिज, आणि तीच रस्त्याची दिशा.

दुसरा पुरावा हालचालीतून मिळतो. गाडी पुढे जाताना झाडं, खांब, दगड, सगळं काही एका बिंदूतून बाहेर फाकत गेल्यासारखं दिसतं. तो एकच बिंदू जागचा हलत नाही, आणि आपण नेमके त्याच्याच दिशेने चाललेलो असतो. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या दृष्टीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९५० च्या आपल्या पुस्तकात हे मांडलं. धावपट्टीवर उतरणारा वैमानिक हा बिंदू नकळत वाचत असतो. आता सांगा, कॅमेऱ्याला ‘समोर’ शिकवण्याची याहून स्वच्छ रीत कुठली? जग ज्या बिंदूतून उमलतं, तिकडे समोर.

अर्थात त्यासाठी रस्त्यावर पट्टे हवेत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा घाटातला वळणांचा भाग या कामाला उपयोगाचा नाही, समृद्धी महामार्गाचे विदर्भातले लांबच लांब सरळ टप्पे उत्तम. शहरातलं वर्कशॉप मात्र शहरातच असतं, आणि आसपासच्या रस्त्यांवरचे पट्टे पावसाळ्यागणिक पुसट होत जातात. रस्त्यावरचा पांढरा रंग ही आता शोभेची किंवा नुसती शिस्तीची बाब राहिलेली नाही. तो गाडीच्या नजरेचा अर्धा भाग आहे, आणि तो वेळेवर मारला गेला पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

चौकस वाचकाच्या मनात इथे एक शंका येईल. डिकीत सामान भरलं, मागे तीन माणसं बसली, तर गाडी मागे बसणारच. मग रोजच नजर चुकायची का? नाही. चांगल्या यंत्रणा धावत्या रस्त्यावर क्षितिज सतत तपासत राहतात आणि थोडाफार उतार-चढाव स्वतःच वजा करतात. पण ही दुरुस्ती एका मर्यादेतच चालते, आणि ती ज्या शून्यापासून मोजायची तो शून्य आधी बरोबर बसवलेला असावा लागतो.

माणसाचा मेंदू यात अजूनही फार पुढे आहे. नवा चष्मा लावल्यावर पहिले दोन दिवस जिन्याची पायरी जरा खाली-वर वाटते, तिसऱ्या दिवशी आपण ते विसरतो. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने लोकांच्या डोळ्यांवर लोलक लावून जग बाजूला सरकवलं. काही वेळ त्यांचे हात वस्तूच्या शेजारी पडत, थोड्याच सरावाने नेमके वस्तूवर जात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९० च्या दशकात जग उलटं दाखवणारी भिंगं दिवसचे दिवस लावली आणि त्या उलट्या जगात ते वावरू लागले. हे मेंदूला जमतं कारण त्याला चूक कळते. हात ग्लासाला लागला नाही, पाय पायरीवर आपटला, हे त्याला ताबडतोब समजतं. कॅमेऱ्याला हात नाही. त्याने ५० मीटरची गाडी ७५ मीटरवर आहे असं मानलं, तर त्याला खोटं पाडणारं बऱ्याचदा कुणी नसतं.

म्हणूनच धोका मूक आहे. जोडणीच नीट नसेल किंवा नजर फारच चुकली असेल तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. पण कॅमेरा ठणठणीत, वायर ठणठणीत, चित्र स्वच्छ, आणि फक्त अर्ध्या अंशाचा गैरसमज, अशा वेळी दिवा लागेलच असं नाही. गाडी नेहमीसारखी चालते. एखाद्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर ब्रेक लागतो, स्टिअरिंग एका बाजूला ओढ घेतं, किंवा ज्या क्षणी ब्रेक लागायला हवा होता त्या क्षणी तो उशिरा लागतो. वर उल्लेख केलेल्या त्याच अमेरिकन संस्थेच्या एका पाहणीत, अशा यंत्रणांची दुरुस्ती करून घ्यावी लागलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांनी दुरुस्तीनंतरही काही ना काही अडचण आल्याचं सांगितलं होतं.

तेव्हा तुमच्या गाडीत कॅमेरा किंवा रडार असेल, तर काच बदलल्यावर, बंपर उतरवल्यावर, सस्पेन्शनचं काम झाल्यावर, मागच्या चाकांच्या अलाइनमेंटमध्ये फरक केल्यावर, मोठ्या मापाचे टायर घातल्यावर किंवा छोटासा का होईना अपघात झाल्यावर कॅलिब्रेशन लागेल का, हे काम सुरू होण्याआधीच विचारा. तुमच्या मॉडेलला फलकांचं लागतं, रस्त्यावरचं लागतं की दोन्ही, हे कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत लिहिलेलं असतं, मेकॅनिकच्या अंदाजावर ते सोडू नका. विम्याचा दावा असेल तर सर्व्हेअरला दाखवायच्या अंदाजपत्रकात ही ओळ सुरुवातीलाच घालायला लावा, नंतर घालणं अवघड जातं. आणि गाडी ताब्यात घेताना कॅलिब्रेशन यशस्वी झाल्याचा स्कॅनरचा छापील रिपोर्ट बिलाबरोबर मागून घ्या. तो मिळाला नाही, तर ते काम झालेलं नाही असंच समजा.